पाठभर कुसळं

निवडुंग पाळणाऱ्या माणसाला कोणाचीही गरज लागत नाही! हे मी मेक्सिकोतल्या आमच्या डोंगरावरच्या तास्को गावात, चढावर भेटेल त्याला ऐकवायचो. बायको देवाघरी, मुलगी सीमेपलीकडे अमेरिकेत, चांदीच्या साखळ्या जोडायचं दुकान बंद. तरी माझं झकास चाललं होतं. गच्ची भरून छोटे निवडुंग. बोलत नाहीत, रुसत नाहीत, पाणी द्यायचं तेही आठवलं तर!

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला गुरुवार. उकाड्यानं सदरा काढून मी स्टुलावर चढलो. वरच्या फळीवर एका ट्रेमध्ये काचेखाली बी पेरलं होतं, मोहरीहून बारीक. काच सरकवली आणि पाहतो तर हिरवे ठिपके! उगवलं की हो! मी आनंदानं मागं वळून ओरडलो, "अगं, हे बघ!"

मागं कोणी नव्हतं. पायाखाली स्टूलही नव्हतं.

ट्रे मी वेटरसारखा वर धरला, मातीचा कण सांडू दिला नाही. पाठ मात्र खालच्या 'सशाच्या कानां'वर! या निवडुंगाला काटे दिसत नाहीत, नुसती मखमल. जवळून बघाल तर ती मखमल म्हणजे सगळी कुसळंच!

घरात उत्तम चिमटा होता. हात पाठीपर्यंत पोचेल तर ना! आरशापुढं शेपटीमागं लागलेल्या कुत्र्यासारखा गरगरलो. शेवटी तसाच उघडा जाऊन शेजारच्या एर्मेलिंदाबाईंचं दार ठोठावलं. कुलूप! अख्खी गल्ली मिरवणुकीला गेलेली. दवाखाना खाली चौकात. उतारावरून धावत सुटलो तो थेट मिरवणुकीत घुसलो.

तोंडावर काळे बुरखे ओढलेले लोक उघड्या पाठीवर काट्यांच्या मोळ्या घेऊन प्रायश्चित्त करत चालले होते. एका आजीनं माझी पाठ बघितली आणि आपली काळी ओढणी माझ्या डोक्यावरून ओढली.

"तोंड झाक, लेकरा! पाप देवाला सांगायचं, गावाला नाही."

"आजी, हे निवडुंगाचं..."

"निवडुंग!" आजींनी हंबरडा फोडला. "बाकीचे साधे काटे घेतात गं, आणि ह्यानं निवडुंग घेतला!"

कोणीतरी माझ्या दोन्ही हातांत पेटत्या मेणबत्त्या दिल्या. आता खाजवू कशानं? मी जागच्या जागी उड्या मारू लागलो.

"केवढा पश्चात्ताप!"

"खून केला असणार."

"एका खुनाला एवढं कोणी नाचत नाही!"

खोटं कशाला बोलू? कोणी मला पाणी पाजलं, कोणी रुमालानं मान पुसली. माझी मान याआधी कोणी कधी पुसली होती, ते काही आठवेना. दवाखाना आला. आणि मी पुढं निघून गेलो!

तेवढ्यात कानाशी आवाज आला, "अहो सेफेरिनो! एका पायात निळी चप्पल, दुसऱ्यात तपकिरी. हे ध्यान तुमच्याशिवाय कोणाचं असणार?"

एर्मेलिंदाबाईंनी मला दंडाला धरून घरी नेलं, खुर्चीवर उलटं बसवलं आणि चष्मा लावून चिमटा हातात घेतला.

"कशापायी केलंत हे?"

"बी उगवलं म्हणून."

"मग झाडं कधी होणार?"

"तीन-चार वर्षांत हरभऱ्याएवढी होतील."

"अगंबाई! आणि तोवर काय करणार?"

"बघत बसणार."

त्या हसल्या. त्यांचा श्वास पाठीला लागला. मग त्या बहिणीच्या गुडघ्याबद्दल, महागलेल्या मक्याच्या पिठाबद्दल बोलत राहिल्या, एकेक कुसळ काढत राहिल्या. मी हूं हूं करत होतो. कुसळं मात्र भराभर संपत होती, मेली!

"झालं. घाला सदरा. मला मिरवणुकीला परत जायचंय."

"डाव्या खांद्याखाली एक राहिलंय," मी घाईघाईनं म्हणालो. "टोचतंय."

त्यांनी दिवा जवळ आणला. बराच वेळ वाकून बघितलं.

"सेफेरिनो, हा तीळ आहे."

"असेल," मी म्हणालो. "पण एकदा ओढून तर बघा!"