उपासाचा केचप

साहेब, उपास तुम्ही मोडलात आणि नोकरी कॅन्टीनमधल्या जयमालाबाईची गेली. चाकणच्या त्या कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कुणी नाही, म्हणून लिहावं लागतंय.

नवी मशीन बसवायला फिलिपिन्सचे सहा इंजिनिअर आले, तेव्हा कॅन्टीन बघणाऱ्या या साहेबांनी त्यांच्यासाठी तिकडची खोकी मागवली. दातू पुतीचं व्हिनेगर, सिल्व्हर स्वानचा सोया सॉस आणि तिता लुझ नावाचा केळ्याचा केचप, लालभडक आणि गोड. पाहुण्यांनी आठ दिवसांत जयमालाबाईच्या ठेच्याशी सोयरीक जुळवली आणि काम उरकून घरी गेले. मागे केचपच्या साठ बाटल्या उरल्या. तारीख संपत आलेली, आणि ऑडिट तोंडावर.

त्यात संकष्टी आली. जयमालाबाई बीडकडची, राहायला तळवड्यात. नवरा गेल्यापासून कॅन्टीनच्या पगारावर दोन पोरी शिकवत होती. उपासवाल्यांसाठी तिनं साबुदाणावडे तळले, पण दह्याची चटणी साहेबांनी खर्चकपातीत बंद केलेली. कोरडा वडा घशाखाली उतरायचा न्हाई, असं तिनं सांगताच साहेबांचा चेहरा उजळला.

"केळं उपासाला चालतं ना?"

"चालतं की."

"मग केळ्याचा केचप का नाही चालणार? वाढा."

बाईनं बाटली फिरवली. "मागं इंग्रजीत बारीक काय काय लिवलंय. वाचून सांगा तेवढं."

"केचप वाचायचा नसतो बाई, खायचा असतो."

दुपारी पाटी लागली, तीही लॅमिनेशन केलेली: उपवासाचा सॉस. सुरुवातीला उपासवाले ऐंशी होते. चवीची बातमी शॉपफ्लोअरवर गेली तसे दीडशे झाले. सकाळी मिसळ चेपलेलेही गणपतीला शरण आले.

प्रेस मशीनवरचे लक्ष्मणराव अठरा वर्षं संकष्टी धरत होते, तापातसुद्धा सोडली नव्हती. तिसऱ्या वड्याला त्यांनी चष्मा लावून बाटली पाहिली. बनवणाऱ्यानं सगळं प्रामाणिकपणे छापलं होतं. केळी, साखर, व्हिनेगर, कांदा, लसूण.

ते ओरडले नाहीत. "अठरा वर्षं," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

लाइन चाळीस मिनिटं बंद पडली. कुणी पाप लागलं म्हणालं, कुणी पगारी सुट्टी मागितली. सगळ्यात जास्त भावना मिसळवाल्यांच्या दुखावल्या होत्या. मोठे साहेब खाली येईपर्यंत पाटी गायब झाली होती.

संध्याकाळी जयमालाबाईच्या हातात नोटीस पडली: धार्मिक भावना दुखावल्या, सोमवारपासून येऊ नये. सोबत साहेबांनी स्वतः टाइप केलेला खुलासा होता. 'मी अडाणी बाई असून माझ्या अज्ञानामुळे' असं बरंच काही. खाली अंगठ्यासाठी जागा. अंगठा केलात तर दुसऱ्या ठेकेदाराकडे शब्द टाकतो, असंही साहेब म्हणाले.

बाईनं तो कागद सबंध ऑफिसला ऐकू जाईल असा वाचला, कुठंही न अडखळता. मग पेन मागितलं, 'अडाणी' खोडलं, बाजूला 'सातवी पास' लिहिलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहून पोच मागितली.

साहेबांनी वाचलं. "बाई, खुलासा तुम्ही द्यायचाय. हे तर प्रश्न आहेत."

जयमालाबाईनं खुर्ची ओढली.

"खुलासा झाला माझा. वाचून सांगा म्हणून मी विचारलं होतं. ज्याला इंग्रजी येतं त्यानं वाचलं न्हाई, तो जागेवर. जिला येत न्हाई तिनं विचारलं, ती घरी. हे कसं, ते सही करून लिहून द्या. मी बसलेय."