शिस्तीत बोंबला

मोर्चा निघायच्या आदल्या दिवशी निकम हवालदार मोर्चेकऱ्यांच्या घरोघर जायचे. धरपकड करायला नव्हे, तयारी नीट झाली आहे की नाही ते बघायला.

"पायात काय घालणार?" हा त्यांचा पहिला प्रश्न. समोरच्यानं अंगठ्याची चप्पल दाखवली की ते मान हलवायचे. "पळायची वेळ आली की पयली हीच दगा देती. वहाणा बांधून या, न्हाईतर अनवानी या." मग जेवून निघणार का, ते विचारायचे. उपाशी माणूस लवकर चिडतो आणि चिडलेल्या माणसाला रस्त्यात फक्त दगड दिसतात, असं त्यांचं मत होतं. शेवटी म्हणायचे, "घोषणा काय देनार? म्हनून दाखवा."

मग ते घरातलं माणूस स्वतःच्या ओटीवर उभं राहून, हवालदाराच्या तोंडाकडे बघत, पोलिसांच्या नावानं मुर्दाबाद म्हणून दाखवायचं. हवालदार डोळे मिटून ऐकायचे.

"आवाज घशातनं येतोय. पोटातनं काढा, न्हाईतर नाक्यापत्तूर बसंल. आन् समद्यांनी येकदम. निम्मी हिकडं निम्मी तिकडं म्हनाया लागली तर सायबाला कळायचं कसं, तुमास्नी काय पायजे ते? बोंबलायचंय तर शिस्तीत बोंबला."

गावात त्यांना 'शिस्तीत बोंबला' याच नावानं ओळखायचे. त्यांना ते माहीत होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

ही साठ साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. आज सरसकट ज्याला नवी मुंबई म्हणतात तिथं तेव्हा बेलापूर, दिवाळे, तुर्भे अशी सुटी सुटी गावं होती. मधे भातशेती, मिठागरं आणि खाडी. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला नवे कारखाने उठत होते. कुणाची जमीन गेली होती, कुणाला त्याबदली नोकरी हवी होती, कुणाच्या विहिरीला वास येत होता. त्यामुळे मोर्चे बरेच निघायचे. मी बेलापूरच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आईला घेऊन दोन खोल्यांत राहत होते. आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे निकम हवालदारांची खोली. मूळचे सातारा बाजूचे. एकटेच राहायचे. पन्नाशी गाठलेली, पिंडऱ्या जाड, अर्ध्या चड्डीला इस्त्री अशी की कडेनं कांदा चिरावा.

शिस्तीची ही हौस चौकीपुरती राहत नसे. लग्नाची वरात असली तरी ते नवऱ्या मुलाच्या घोड्याला डाव्या बाजूला घेत. आमची आई एकदा दूधवाल्याशी भांडत होती. दुधात पाणी आहे असं आईचं म्हणणं, म्हैसच तशी आहे असं त्याचं. भिंतीवर हवालदारांचं डोकं उगवलं.

"आजी, येका वेळी येकानं बोला. आधी तुमी. मागनी काय हाय तुमची?"

"मागणी कसली मेल्या, दूध पाहिजे मला."

"झालं तर. आता तू बोल रं."

दूधवाला इतका गोंधळला की त्यानं कबूलच केलं. त्यावर आईनं हवालदारांचे आभार मानावेत ना, तर त्यांनी भिंतीवरून डोकावू नये म्हणून ती त्यांना अर्धा तास बोलली. त्यांनी ते मधे न बोलता ऐकून घेतलं. नंतर मला म्हणाले, "बाई, तुमच्या आईचा आवाज पोटातनं येतो."

मी त्यांना एकदा विचारलं होतं, पोलिसात राहून मोर्च्याची एवढी काळजी का करता? ते साधेपणानं म्हणाले, "ह्यात काळजी कसली? बोंबलायचा हक मान्साला हायच. बोंबलनारा गाडीखाली येऊ नये आन् ऐकनाऱ्याला दगुड लागू नये, येवढ्यासाठी मला मधी हुबा केलाय."

त्या वर्षी तुर्भ्याच्या बाजूच्या एका कारखान्याचं पाणी खाडीत येऊ लागलं. दिवाळ्याच्या कोळणींची मासळी बाजारातून परत येऊ लागली. शिजवली की घासलेटाचा वास. हिराबाय म्हणून एक बाई होती, विधवा, दोन होड्या स्वतः सांभाळणारी. तिनं गावच्या बाया गोळा केल्या आणि कारखान्याच्या दारावर जायचं ठरवलं. अर्ज लिहायला ती माझ्याकडे आली, म्हणून चौकीत मीही तिच्याबरोबर गेले.

हवालदारांनी अर्ज बाजूला ठेवला. "हत्यार काय असनार?"

"हत्यार कनचा? टोपल्या आनि कोयते."

"कोयता घरी ठेवायचा."

"मंग मासली कशान कापू?"

"मोर्च्यात मासळी कशाला कापताय?"

"येताना वाटंन इकत येनार ना. अख्खा दिवस मोर्चा करून घरी काय खानार?"

हवालदारांनी बराच विचार केला. शेवटी असं ठरलं की जाताना कोयते चौकीत ठेवायचे आणि येताना न्यायचे. हिराबाय म्हणाली, "आनि घोषना आमी तुमाला म्हनून दाखवनार नाय. लाज वाटते."

"मग मी वळून भिंतीकडं तोंड करतो," हवालदार म्हणाले, आणि खरंच केलं.

मोर्च्याच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी गेले. आईही आली, कारण मी एकदा घासलेटाचा वास असलेले बोंबील घरात आणले होते आणि तो अपमान ती विसरली नव्हती. सगळ्यांच्या पुढे निकम हवालदार चालत होते. पुलापाशी त्यांनी सगळ्यांना थांबवून पाणी प्यायला लावलं. बायांनी पदर खोचले होते, दोन-दोनची रांग होती, आणि मधे चौघी मिळून एक झाकलेलं पातेलं आळीपाळीनं वाहत होत्या.

कारखान्याच्या दारात ठाण्याहून आलेले एक फौजदार उभे होते. कोवळे, नवीन, घामाघूम. बरोबर शिपायांची गाडी. त्या सकाळीच जमावबंदी लागू झाली होती आणि आमची परवानगी रद्द झाली होती. हे आम्हालाही तिथं कळलं आणि हवालदारांनाही तिथंच.

"पाच मिनिटांत रस्ता मोकळा करा," फौजदार म्हणाले.

बाया खाली बसल्या. हिराबायनं पातेल्यावरचं झाकण काढलं. "मॅनेजरला भाईर बोलवा. आमी रांधून आनलाय. त्यान खाल्ला का आमी चाललू."

मॅनेजर काही बाहेर आला नाही. फौजदारांनी घड्याळ बघितलं आणि शिपायांना हात केला. शिपाई लाठ्या घेऊन पुढे सरकले. तोवर निकम हवालदार आमच्याकडे तोंड करून उभे होते, ते वळले. आमच्याकडे पाठ, शिपायांकडे तोंड.

"सायेब, इशारा द्यायचा ऱ्हायलाय."

"दिला की आत्ता."

"तुमी मला दिलात. बायांस्नी ऐकू ग्येला न्हाई. मागच्या रांगेपत्तूर ग्येला पायजे."

"बाजूला व्हा हवालदार."

"व्हतो. इशारा देऊन व्हतो."

पुढच्या शिपायाची लाठी तोवर वर गेली होती. ती खाली आली ती हवालदारांच्या कोपरावर. सुकं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. तो शिपाईच एवढा घाबरला की त्यानं लाठी खाली टाकली. हवालदारांनी दुसऱ्या हातानं ती उचलून त्याला परत दिली आणि पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून इशारा वाचायला सुरुवात केली. पहिली रांग, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक रांगेपुढे थांबून, सावकाश, "समजलं का?" असं विचारत. बाया "नाय समजला" म्हणत. ते पुन्हा वाचत. त्यांच्या कपाळावर घाम जमला होता आणि डावा हात नुसता लोंबत होता.

फौजदारांना काय करावं सुचेना. तेव्हा हवालदार त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "सायेब, वर रिपोर्ट द्यावा लागंल. वास हाय का न्हाई, ते कुनी तरी बघितल्याबिगार कसा लिवायचा?"

हिराबायनं पातेलं पुढे केलं. फौजदारांनी एक तुकडा तोंडात टाकला, दोनदा चावला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन थुंकला. पाणी मागितलं. चूळ भरली, तोंड पुसलं आणि तडक कारखान्यात गेले. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्यामागून मॅनेजर येत होता.

त्या दिवशी बायांवर लाठी चालली नाही. महिन्याभरात कारखान्यानं सांडपाण्याचा नळ वळवला. तो वरच्या अंगाच्या दुसऱ्या गावाच्या बाजूला वळवला, हे आम्हाला मागाहून कळलं आणि हिराबाय त्या गावच्या बायांना मोर्चा शिकवायला गेली. निकम हवालदारांचा हात दीड-दोन महिने गळ्यात होता. हात बरा होतो न होतो तोच त्यांच्या बदलीचा हुकूम आला. पार विदर्भात, चांद्याला. फौजदारांचा हुकूम ऐनवेळी पाळला नाही, त्याची ती शिक्षा असावी. त्यांनी आम्हाला भिंतीवरून सांगितलं, दूध महाग झाल्याचं सांगावं तसं.

जायच्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं ते पनवेलला निघणार होते. दुपारपर्यंत ड्यूटी होती. मी शाळेतून येत होते तर चौकीसमोर दिवाळ्याच्या बाया बसलेल्या. दोन-दोनच्या रांगेत. पुढच्या रांगेत हिराबाय, आणि तिच्या शेजारी माझी आई.

निकम हवालदार दारात उभे होते. "परवानगी?"

"नाय," हिराबाय म्हणाली.

"अर्ज?"

"नाय केला. केला असता तं तुमी दुसऱ्या कोनाला तरी मधी उभा केला असता."

"मागनी काय हाय?"

"तुमी जायाचा नाय."

हवालदारांनी कर्णा आणला. हा जमाव बेकायदेशीर आहे, त्यानं आपापल्या घरी जावं, असं पहिल्यांदा नीट वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मधे थांबले, खाकरले, पुन्हा सुरू केलं. तिसऱ्यांदा कर्णा तोंडाला लावला आणि तसेच उभे राहिले. मग कर्णा खाली ठेवून आत गेले.

बराच वेळ झाला तरी ते बाहेर आले नाहीत म्हणून मी आत गेले. ते बाकावर बसले होते. बांधलेली वळकटी आणि एक ट्रंक शेजारी होती.

"बाई," ते म्हणाले, "इतक्या गावांत नोकरी केली. निघताना कुनी दारात आलं न्हाई. पोलिसाच्या कशाला येतील? आता ह्या बसल्यात तर कसं वागायचं, त्ये मला ठावं न्हाई."

मी त्यांना माठातलं पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी टोपी घातली आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "समद्यास्नी अटक केली हाय."

आणि अटक करून त्यांना चालवत ते दिवाळ्याला निघाले. एकेकीला तिच्या दारात नेऊन सोडायचं, असा त्यांचा बेत होता. वाटेत आमचं घर लागलं तसे ते आईसमोर थांबले.

"आजी, तुमची सुटका."

"माझा गुन्हा या सगळ्यांएवढाच आहे," आई म्हणाली. "मी शेवटपर्यंत अटकेत राहणार."

त्यांनी तिला पुन्हा रांगेत घेतलं. ऊन उतरत होतं. खाडीच्या काठानं सुकत घातलेल्या मासळीच्या मधून ती रांग चालत होती. एकेक दार आलं की एक बाई कमी होई, पण ती घरात न जाता ओटीवरच उभी राही. शेवटी हिराबायचं दार आलं. मी आणि आई मागे होतो.

"तुमाला सोडलं," हवालदार म्हणाले.

"मंग आता बसा. दोन घास खाऊन जा."

"ड्यूटीवर हाय."

"सोडला ना आमाला? मंग ड्यूटी सरली तुमची."

ते ओटीवर टेकले. तिनं तांदळाची भाकरी आणि कालवण आणून पुढ्यात ठेवलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि तो चावत खाडीकडे बघत राहिले. हिराबाय दाराला टेकून उभी होती.

"तिकरं चांद्याला कोन हाय तुमचा?"

"कुनी न्हाई."

"आनि गावाला?"

"मंडळी गेली, त्याला बारा वर्सं झाली. आता गावाला बी कुनी न्हाई."

"मंग कोन वाट बघते, इतक्या घाईन जायाला?"

निकम हवालदारांनी भाकरीचा तुकडा मोडला. लांब रस्त्यावर पनवेलच्या एसटीचा हॉर्न वाजला. त्यांनी मान वर केली. ते उठतील असं मला वाटलं. गाडीचा आवाज नाक्याशी थांबला, पुन्हा सुरू झाला आणि हळूहळू लांब गेला.

"उद्या सकाली पन हाय गाडी," हिराबाय म्हणाली.

"व्हय," ते म्हणाले, आणि ताट थोडं पुढे सरकवलं. "अर्धी भाकरी वाढा."