शालनआत्याचे निर्बंध

पलूसच्या शालनआत्याने आपल्या सख्ख्या भावावर घातलेले निर्बंध सोमवारी सकाळी आंतरराष्ट्रीय यादीवर चढले, आणि ते सगळ्यात आधी दिसले भावाच्याच मुलीला.

मुलगी मोहिनी जमदाडे. तासगावात बेदाणा निर्यात करणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती. परदेशातल्या गिऱ्हाइकाला माल धाडण्याआधी त्याचं नाव निर्बंधांच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये घालून पाहायचं, हे तिचं काम. यादीत नाव निघालं तर त्याला एक मनुकाही विकायची नाही. कंटाळा आला की ती ओळखीच्यांची नावं घालून बघे. बाकीच्या पोरी राशिभविष्य वाचत तसं. त्या दिवशी तिने सहज वडिलांचं नाव घातलं.

‘रंगराव बापू जमदाडे, ऊर्फ रंगा, ऊर्फ दादा, ऊर्फ तो. निर्बंध घालणारी सत्ता: शालन नामदेव सूर्यवंशी, पलूस. कारण: भाचीच्या लग्नाचं आवतन मोबाइलवर.’

एका डेटाबेसवर विसंबायचं नाही, हा धंद्यातला नियम. मोहिनीने दुसरा उघडला. त्यात वडिलांचा फोटोही होता. कुठल्याशा सहलीतला; शेजारची आत्या कापून टाकलेली, पण तिचा हात वडिलांच्या खांद्यावर तसाच राहिलेला.

चूक झाली होती हे खरंच. मोहिनीच्या लग्नाचं साऱ्या तासगावाला अक्षता देऊन, हळदीकुंकू लावून बोलावणं गेलं आणि सख्ख्या बहिणीला पत्रिकेचा फोटो. तेव्हा आईने टोकलं होतं. रंगराव म्हणाले होते, “आगं, ती घरचीच हाय. घरच्यास्नी कसलं आवतन?” या एका वाक्यावर आपल्याकडे घरंच्या घरं तुटली आहेत, तरी ते दर लग्नात कुणीतरी म्हणतंच.

दुपारपर्यंत निर्बंध लागू झाले. मंगल कार्यालयाने तारीख मागे घेतली. बँडवाल्याने हात जोडले. न्हाव्याने अर्धी दाढी झाल्यावर मोबाइल बघितला आणि वस्तरा मिटला. “काका, उरलेल्या दाढीला परवाना लागतोय,” तो अदबीने म्हणाला. रंगराव एका गालाने गुळगुळीत होऊन घरी आले.

मोहिनी तरी मोकळी असेल असं आईला वाटलं. पण यादीतल्या माणसाची जिच्यात निम्मी किंवा जास्त मालकी ती कंपनीही यादीत धरली जाते, असा नियम आहे, आणि मोहिनी वडिलांची बरोबर निम्मी होती. तिचे साहेब तांबोळी फार भले गृहस्थ. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, पण खुर्ची दिली नाही. खुर्ची देणं ही सेवा ठरली असती.

“वाईट वाटतंय मोहिनी,” ते म्हणाले. “तुझा डबा बाहेर पायरीवर खा. काम मात्र कर, कारण काम तू आम्हाला देतेस की आम्ही तुला, याबद्दल अजून स्पष्टता नाही.”

संध्याकाळी विट्याहून धैर्यशीलचा फोन आला. लग्न त्याच्याशी ठरलं होतं. त्याचा आवाज अगदी पडला होता.

“गुरुजींनी डेटाबेस बघितला,” तो म्हणाला. “ते येतील, धार्मिक कार्याला सूट आहे. पण मोकळ्या माणसाला यादीतल्या माणसाच्या गळ्यात माळ घालता येत नाही म्हणाले. माळ ही वस्तू आहे.”

“मग?”

“मग मला काही सुचत नाही गं.”

मोहिनीला धैर्यशील मनापासून आवडला होता. पहिल्या भेटीत त्याने कांदेपोह्यांतली मिरची गुपचूप खाल्ली होती आणि डोळ्यांतून पाणी येत असताना ‘छान झालेत’ म्हणाला होता. ती ऑफिसच्या जिन्यात बसून ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी रंगराव अक्षता घेऊन पलूसला गेले. आत्याने दार उघडलं. ती त्या अर्ध्या दाढीकडे, मग अक्षतांकडे बघत राहिली, पण तिने हात पुढे केला नाही.

“घेतल्या असत्या रं रंगा,” ती म्हणाली. “पर यादीतल्या माणसाकडनं मोकळ्या माणसानं काय घ्यायचं न्हाई. माझाच नेम हाय, मीच कसा मोडू?” आणि तिलाही रडू आलं. डोळे पुसायला रंगरावांना पदराचं टोक तिला देता येईना, म्हणून दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना वेगवेगळी रडली.

हे ऐकल्यावर मोहिनी डेटाबेस उघडून बसली. नियम, पोटनियम, सवलती, सगळं तिने वाचून काढलं. यादीतली माणसं आपापसात काय वाटेल ती देवाणघेवाण करू शकत होती. त्याला कुणाची हरकत नव्हती. आणि मुलगी बापाची जशी निम्मी, तशी सख्खी भावंडंही एकमेकांची निम्मी असतात, हे तिला कॉलेजात शिकवलेलं होतं. पानाच्या खाली ‘त्रुटी कळवा’ असं बटण होतं. तिने कळवली.

तासाभरात उत्तर आलं. ‘शालन नामदेव सूर्यवंशी. कारण: रंगराव जमदाडे यांची बहीण.’

रंगराव तसेच पुन्हा पलूसला गेले. आता आत्याने दोन्ही हातांनी अक्षता घेतल्या, भावाला जेवायला वाढलं आणि नवऱ्याच्या वस्तऱ्याने त्याची राहिलेली दाढी स्वतः केली. तिला सगळे निर्बंध तिथल्या तिथे उठवायचे होते, पण सत्ता स्वतःच यादीवर आली की तिला नावं काढता येत नाहीत. घालता मात्र येतात.

म्हणजे उरला एकटा धैर्यशील. तो यादीत आला की त्याचे आईवडील निम्म्याच्या नियमाने आपोआप येणार होते. लग्न आत्याच्या अंगणात लावायचं ठरलं. मोहिनीचं सगळं घर पलूसला जमलं आणि धैर्यशील विट्याहून आला. आत्याने त्याला चहा दिला, कारण चहाला माणुसकीची सूट असते.

“तू काय केलंयस माझं?” तिने विचारलं.

“काही नाही आत्या.”

“मग नाव कसं घालू? बिनकारणाचं मी कुणाचं नाव घालत न्हाई.”

सगळे धैर्यशीलकडे बघू लागले. तो चांगल्या घरातला, मोठ्यांना उलटून न बोलणारा मुलगा होता. त्याने चहाचा घोट घेतला आणि सगळा धीर एकवटून म्हणाला, “चहा बराय.”

“बरा म्हंजे चांगलाच की,” आत्या म्हणाली.

मोहिनीने डोळे मिटून घेतले. धैर्यशीलने कप खाली ठेवला आणि निघायला उठला. त्याने रंगरावांना वाकून नमस्कार केला. मोहिनीच्या आईला केला. दारात दळण घेऊन उभ्या असलेल्या शेजारणीलासुद्धा केला. आत्याने सवयीने पदर सावरला, आशीर्वादाला हात उचलला. तो तिच्यासमोरून सरळ पुढे गेला आणि चपला घालू लागला. त्याचे कान लालभडक झाले होते.

शेजारणीने दळणाचा डबा खाली ठेवला. आत्याचा हात हवेत तसाच राहिला. तिला ते खरोखर लागलं होतं. मग तिने चष्मा चढवला, मोबाइल घेतला आणि ती एका बोटाने त्याचं नाव यादीत घालायला लागली.

“नशीब काढलंस पोरी,” ती मोहिनीला म्हणाली. “लई गुणाचा हाय.”