तात्यांच्या गाडीचा मागचा आवाज

बारामती-इंदापूर रस्त्यावर एखाद्या गुरुवारी तुम्हाला एक पांढरी पिकअप दिसेल. तिच्या रिकाम्या हौद्यात धोतर नेसलेला एक म्हातारा माणूस पालथा पडलेला असेल आणि गाडी चालवणारा अगदी निवांत असेल. कृपा करून हात जोडू नका. ते जिवंत आहेत. ते आमचे सोपानतात्या. डावा कान हौद्याच्या पत्र्याला लावून ते मागच्या अ‍ॅक्सलचा आवाज ऐकत असतात. गाडी चालवणारा मी.

हात जोडणारे पुष्कळ भेटतात. लासुर्ण्याच्या पुढे एका मोटरसायकलवाल्याने तर गाडी बाजूला घेऊन हेल्मेटसुद्धा काढलं होतं. एकदा एका पोलिसाने आम्हाला थांबवलं.

"मागे कोण आहे?"

"आमचे शेजारी."

"काय झालंय त्यांना?"

"काही नाही. आवाज ऐकतायत."

पोलीस मागे गेला. त्याने काठीने हौद्यावर हलकेच टकटक केलं. तात्यांनी डोळे न उघडता एक हात वर केला.

"सायेब, जरा गप ऱ्हावा. थांबल्यावर तरी येतुय का, तेवढंच बघतुय."

पोलीस बिचारा गप्प राहिला. दोघांनी मिळून थोडा वेळ ऐकलं. मग तो माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "बेरिंग असेल का?"

मी एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात नोकरीला आहे. बारामतीजवळ कन्हेरी गावात घर घेतलं तेव्हा बायको म्हणाली होती की शेजार फार शांत आहे. ते खरंच होतं. शेजारी एकटे तात्या, मागे त्यांची पेरूची बाग आणि दारात ही पिकअप. पण राहायला गेलो त्याच दिवशी तात्या दारात उभे राहिले आणि 'राम राम' नाही, 'कुठलं तुमी' नाही, थेट म्हणाले, "काय वाजतंय?"

हा त्यांचा नमस्कार. भेटेल त्याला हेच. लग्नात, मयतीला, सोसायटीच्या सभेत. आमच्या घरात त्या दिवशी फ्रिज वाजत होता. तात्यांनी पोह्यांची बशी एका हातात घेतली, दुसरा हात फ्रिजवर ठेवला आणि डोळे मिटून पोहे खाल्ले. मग म्हणाले, "ह्येचा पाय उचलतुय." त्यांनी पायाखाली वर्तमानपत्राची घडी सारली. पूर्वी आमचा फ्रिज नुसता घुमायचा, त्या दिवसापासून तो घुमत घुमत दाराकडे सरकू लागला. सासूबाई आतून बाहेर आल्या तेव्हा तात्यांनी मान तिरकी केली आणि अत्यंत आदराने सांगितलं, "आक्का, उजव्या गुडघ्यातलं ग्रीस संपलंय तुमच्या." सासूबाई चहा न घेताच आत गेल्या. गुडघा जाताना वाजला, हेही खरं.

तात्यांचं निदान बहुधा चुकतं, हे इथे सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही त्यांना कुणी मोठा जाणकार समजाल. गावातल्या एका मोटरीचा पंप त्यांनी बेरिंग गेलं म्हणून उघडायला लावला, तेव्हा आतून बेडूक निघाला. तात्या खचले नाहीत. "बेडूक आला म्हंजी बेरिंगपाशी जागा झाली आसंल," म्हणाले.

पण हे सगळं वाटेतलं. त्यांचा खरा शोध एकच, गाडीचा मागचा आवाज. माझी सुट्टी गुरुवारी असते, म्हणून गुरुवारी मी गाडी चालवायची आणि त्यांनी हौद्यात पडायचं. एक थाप मारली की हळू, दोन थापा मारल्या की जोरात, तीन मारल्या की थांबायचं. तीन थापा कधी ऐकू आल्या नाहीत. इंदापूरपर्यंत जायचं, परत यायचं. उतरल्यावर कपाळावर पत्र्याचे वळ, मिशीत भुसा आणि चेहऱ्यावर निराशा. "आज बी न्हाय आला," असं म्हणून ते पाय ओढत घरात जायचे.

इंदापूरला रशीदभाई म्हणून मेकॅनिक आहेत. बिचाऱ्यांनी त्या गाडीच्या मागच्या भागातली फिरणारी प्रत्येक वस्तू खोलून पाहिली होती. शेवटी एकदा त्यांनी हात पुसत सांगितलं, "तात्या, बेरिंग नवं, जॉइंट नवा, ऑइल नवं. आता ह्या गाडीत जुनं म्हंजी तुमीच. आवाज न्हाईच, तर काढू कुठनं?"

हौद्यात चढताना तात्या मला म्हणाले, "रशीद माणूस चांगला हाय. पर कानानं अधू."

मी एकदा वैतागून विचारलं, "तात्या, तुम्ही तरी हा आवाज कधी ऐकलाय का?"

"न्हाय."

"मग आहे कशावरून?"

तात्यांनी कडेच्या उसाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "हिनं ऐकला हुता."

ही म्हणजे सुलोचनाकाकू, त्यांची बायको. आम्ही राहायला येण्याच्या आदल्या वर्षी त्या हृदयविकाराने गेल्या, त्यामुळे मी त्यांना फक्त हार घातलेल्या फोटोत पाहिलंय. काकूंना केबिनमध्ये डिझेलच्या वासाने गाडी लागायची. म्हणून पेरू घेऊन बाजाराला निघाले की तात्या पुढे आणि काकू मागे, हौद्याच्या डाव्या कोपऱ्यात, क्रेटवर पोतं टाकून बसायच्या. वरची क्रेट हलू नयेत म्हणून एक हात त्यांच्यावर ठेवायच्या. आणि वाटेत कधीतरी केबिनच्या पत्र्यावर थापा मारायच्या.

"मागून आवाज येतुया ओ. झोक्याच्या कडीवानी."

तात्या काच खाली करून ओरडायचे, "कायबी न्हाय! तुजं कान वाजत्यात!" आणि टेपवर लावलेल्या भजनाचा आवाज वाढवायचे.

हे काही वर्षं चाललं. काकू थापा मारायच्या, तात्या भजन वाढवायचे. पुढे पुढे त्यांचं भजन रस्त्याकडेच्या वस्त्यांनाही पाठ झालं म्हणतात. शेवटी तात्यांनी नवऱ्याचं कर्तव्य म्हणून काकूंना बारामतीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कान उत्तम आहेत, तरण्या पोरीसारखे. तात्यांनी बाहेर येऊन निष्कर्ष काढला की डॉक्टर बोगस आहे. काकू त्यावर एवढंच म्हणाल्या, "बरं. आता न्हाय सांगायची."

आणि खरंच त्यांनी पुन्हा कधी थाप मारली नाही.

"येत आसंल तरी न्हाय सांगितलं तिनं," तात्या म्हणाले. "शेवटपतूर. तवा मला एकदा ऐकायचाय. येकदाच. म्हंजी कळंल, खरं कोन हुतं ते."

त्यानंतर गुरुवारी मी कुरकूर करणं सोडलं.

एक गोष्ट मात्र तात्यांनी कधी बदलली नाही. रिकामी गाडी ते मला खुशाल द्यायचे, पण माल भरला की स्टेअरिंग त्यांच्याच हातात. "मानूस आदळला तर वराडतुय," ते सांगायचे. "पेरू वराडत न्हाय. गप काळा पडतुय." त्यामुळे गाडी भरलेली असली की तात्या पुढे, आणि तात्या मागे असले की गाडी रिकामी. यात काही चुकतंय असं ना त्यांना वाटलं, ना मला. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर दुधात काय चुकलंय तेच बघतो, तरी नाही वाटलं.

मग या हिवाळ्यात तात्या छाटणी करताना घोड्यावरून पडले. घोडा म्हणजे लाकडी, चार पायांचा, चढायचा. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. इकडे पेरू तोडणीला आलेले, बाजाराचा दिवस तोंडावर, आणि गावातले दोन्ही ड्रायव्हर एकाच लग्नाच्या वऱ्हाडात. तात्यांनी दोन दिवस माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी पहाटे किल्ली दिली. स्वतः डाव्या बाजूला केबिनमध्ये बसले. जन्मात पहिल्यांदा.

"खड्डा हाय. बेतानं घे. गतिरोधक हाय. ब्रेक नगं मारू, नुसता पाय ठिव. आरं ठिव म्हनलं तर दाबतुयास काय!"

जंक्शन गावाच्या अलीकडे बोलणं एकदम बंद झालं. मी वळून पाहिलं तर तात्यांचा चेहरा हिरवट पडलेला. त्यांनी उपरण्याने तोंड झाकलं आणि गाडी थांबवायची खूण केली. उतरून रस्त्याकडेला बसले. थोड्या वेळाने चूळ भरून आले.

"गाडी लागली जनू," ते म्हणाले. मग स्वतःशीच, "लागती तर खरी."

पुन्हा केबिनमध्ये चढायला ते तयार नव्हते. मी त्यांना हौद्यात चढवलं. बसायला जागा एकच होती, डाव्या कोपऱ्यात, क्रेटवर. पोतं तिथे होतंच. ते बसले, पाठ केबिनला टेकली, चांगला हात वरच्या क्रेटवर ठेवला. मी गाडी चालू केली.

निमगाव केतकी यायच्या आधी रस्ता जरा उंचसखल आहे. तिथे केबिनच्या पत्र्यावर थाप पडली. मी हळू केली. दुसरी पडली. मग तिसरी.

मी गाडी थांबवून मागे गेलो. तात्या तसेच बसले होते. टोपी मांडीवर होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. ते पुसायला त्यांनी हातही उचलला नव्हता, कारण चांगला हात पुन्हा क्रेटवर होता.

"वाजतंय," ते म्हणाले.

मी खाली वाकून अ‍ॅक्सलकडे बघू लागलो.

"तितं बघू नगं. वाजतंय. झोक्याच्या कडीवानी. आगदी तसंच. शब्दाचा फरक न्हाय."

मी विचारलं, "आता?"

"चालव. थांबलं की येत न्हाय."

इंदापुरात पोहोचल्यावर त्यांनी बाजार सोडून गाडी आधी रशीदभाईंकडे घ्यायला लावली, भरलेलीच. पेरूला उशीर होईल म्हटलं, तर म्हणाले, "हू दे." रशीदभाई गाडीखाली शिरले, मला हौद्यावर उभं राहून नाचायला सांगितलं आणि थोड्या वेळाने हसत बाहेर आले. मागच्या अ‍ॅक्सलवर स्प्रिंगच्या पाट्यांचा एक जादा थर असतो. गाडीवर भार आला तरच तो खाली टेकतो. तो टेकतो तिथलं रबर झिजून गेलं होतं आणि लोखंडाला लोखंड घासत होतं.

"तुमी दर बारीला मोकळी गाडी आनली, तात्या. मोकळ्या गाडीत हे टेकतच न्हाय, तर वाजंल कसं?"

"किती दिसाचं आसंल?" तात्यांनी विचारलं.

"झीज बघता लई वर्सांचं."

"लई वर्सांचं," तात्या म्हणाले. "लगेच बदल. तिनं सांगून ठिवलंय."

रबर बदललं. पेरू उशिरा पोहोचले आणि तात्यांनी भावासाठी कुणाशी हुज्जत घातली नाही. बाजारातल्या लोकांना वाटलं हाताबरोबर डोक्यालाही मार लागलाय.

परत निघालो तेव्हा गाडी रिकामी होती. मी केबिनचं दार उघडलं, पण तात्या हौद्यात चढले. पालथे पडले नाहीत. काकूंच्या कोपऱ्यात ते पोतं नीट अंथरलं आणि स्वतः समोरच्या कोपऱ्यात पत्र्यावर बसले. मी निघालो. सहज टेप लावला, भजन सुरू झालं, आणि मला एकदम लाज वाटली. मी तो बंद केला.

केबिनची मागची काच अर्धी उघडी होती. उसाच्या ट्रॉल्या मागे टाकत आम्ही जंक्शन ओलांडलं, तेव्हा तात्यांचा आवाज आला. मला वाटलं मला काही सांगतायत, म्हणून मी आरशात पाहिलं. ते पोत्याकडे बघत होते.

"व्हय गं," ते म्हणत होते. "वाजत हुतं."