रामकिसनभाऊंचा प्रायव्हेट योगा

इंझोरीच्या रामकिसनभाऊंनी प्रायव्हेट योगा लावायचं ठरवलं, त्याला कारण झाली बुंदी.

मुलाची, म्हणजे प्रज्वलची, सोयरीक ठरवायला मंडळी किन्हीराजाला गेली होती. मुलीचे, म्हणजे राखीचे, वडील बबनराव यांनी जेवायला जमिनीवर पंगत मांडली. भाऊंची अठ्ठावीस वर्षं कचेरीत खुर्चीवर गेलेली (खुर्च्या तीन बदलल्या, भाऊ तेच). ते बसायला बसले, पण उठता येईना. पंगत उठली, लोकांनी हात धुतले, भाऊ जागेवरच. बबनरावांना वाटलं, पाहुण्यांचं पोट भरलं नाही.

"अवं, बुंदी वाढा त्याइले!"

लाजेखातर भाऊंनी तीनदा बुंदी खाल्ली. शेवटी चौघांनी काखेत हात घालून त्यांना कापसाच्या गाठोड्यासारखं उचललं.

घरी आल्यावर प्रज्वल म्हणाला, "बाबा, साखरपुड्याले तुमाले राखीच्या बाबासमोर पाटावर बसा लागते. तवा पुन्हा असं झालं, तं तिच्या घरचे मले जलमभर हासतीन."

पोराचं बोलणं भाऊंच्या जिवाला लागलं. हातात एक महिना होता.

योगा शिकवणाऱ्या मानोऱ्याच्या साधना मॅडम म्हणाल्या, "प्रायव्हेटचे फायदे लय आहेत, भाऊ. तुमच्या घरी, तुमच्या सवडीनं, पूर्ण लक्ष तुमच्यावर. आणि बघणारं कोणी नाही."

"बस, तेच पाह्यजे," भाऊ म्हणाले.

पहिल्या दिवशी सकाळी मॅडम आल्या आणि भाऊंनी आतून कडी लावली. इथंच चुकलं. दिवस उजाडल्यावर इंझोरीत दाराला कडी लागते ती घरात काहीतरी विपरीत घडलं तरच. पाच मिनिटांत शेजारच्या गोमतीबाई दार बडवू लागल्या.

"रुख्मिणी! दार काहून लावलं वं? भाऊ बरे हायेत ना?"

भाऊंच्या बायकोचे, रुख्मिणीबाईंचे, हात भाकरीच्या पिठात. "अजी, उघडा ना दार!"

भाऊ कण्हत, कुंथत, भिंतीला धरून उठले. दारात आलेल्या माणसाला उठून "या, बसा" म्हणायचं, हे वळण त्यांना बापानं लावलेलं. गोमतीबाई बसल्या. गोमतीबाई काय बघतात ते बघायला गल्लीतला जगदेव आला. त्याला शोधत मारोतराव आले. दुसऱ्या दिवसापासून दार सताड उघडं ठेवलं, तेव्हा तर गल्लीच लोटली. साधना मॅडम मात्र शब्दाच्या पक्क्या. "क्लास प्रायव्हेट आहे. मी फक्त भाऊंकडे बघणार." मग लोकही फक्त भाऊंकडेच बघू लागले.

"भाऊ, डावा पाय वाकडा होऊन राह्यला," मारोतराव चहा फुंकत सांगायचे.

पंधरा दिवसांत बघणारेच शिकले. गोमतीबाईंचा गुडघा मोकळा झाला, मारोतराव पायाचे अंगठे धरू लागले. भाऊ मात्र मांडी घालायचे, की कोणीतरी यायचं. उठून "या, बसा." उठून सतरंजी. उठून पाणी.

"भाऊ, तुमचं एकही आसन पूर्ण झालेलं नाही," मॅडम वैतागून म्हणाल्या.

पण एका सकाळी रुख्मिणीबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "अजी, तुमी हात न टेकवता उठले!"

भाऊ खाली बसले. उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. इतका आनंद त्यांना नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या.

साखरपुड्याला किन्हीराजात भाऊ पाटावर असे ताठ बसले, की प्रज्वलनं सुटकेचा निःश्वास टाकला. भटजींनी गणपतीपासून सुरुवात केली. तेवढ्यात दारात राखीचे मामा आले. भाऊ टुणकन उभे.

"या, बसा!"

भटजी थांबले. भाऊ ओशाळून बसले. पुन्हा गणपती. तोच इंझोरीची जीप आली, पुढे गोमतीबाई.

"या, या, बसा!"

तिसऱ्या गणपतीला राखीच्या आत्या आल्या. आता राखीला हसू आवरेना, प्रज्वलही हसत होता. बबनरावांनी व्याह्यांपुढे हात जोडले.

"इवाई, घर माहं हाय. पाहुण्याइले मी पाह्यतो. त्या खेपेले तुमी उठत नव्हते, आता बसून नाही राह्यले!"

शेवटी त्याच चौघांना बोलावणं गेलं. मागच्या खेपेला काखेत हात घालून त्यांनी भाऊंना उठवलं होतं. या खेपेला दोघांनी एक खांदा, दोघांनी दुसरा खांदा दाबून, अंगठ्या घालून होईपर्यंत भाऊंना पाटावर धरून ठेवलं.