राजमूत्राची स्वारी

श्री. जो रंग देतो आणि जो रंग उडवितो, त्यास दंडवत घालून, विकृतिनाम संवत्सरीं, चैत्र वद्य पंचमीस जें जाहलें तें लिहितों. कोणे एके राज्यीं महाराजांचे डोळे पिवळे जाहले, आणि राजवैद्य बोलिले कीं, "ही कावीळ. दोन मास निजून राहावें. मोहिमेस गेलियास जीव वांचणें कठीण." आणि कूच तर दुसरे दिवशींच ठरलें होतें. मग महाराजांनीं आज्ञा केली, "रसशाळेचे गिरमाजीपंत आमचें मूत्र तपासोत. पित्ताचा रंग निघाला तर राहूं, न निघाला तर निघूं." आतां राजमूत्र म्हटलें म्हणजे साधें कैसें न्यावें? मग हत्तीवर अंबारी, आणि अंबारींत चांदीचें तबक, आणि तबकांत काचेची बाटली, पुढें वाजंत्री, मागें मानकरी, आणि चौकाचौकांत ओवाळणी, ऐसी मिरवत मिरवत स्वारी सकाळची निघाली ती तिसरे प्रहरीं रसशाळेस पोहोंचली. मग पंतांनीं त्यांत बेरियमच्या क्षाराचें पाणी घातलें, आणि पांढरा गाळ बसला, आणि तो कागदावर गाळून घेतला, आणि वर, फूशे नामें फिरंगी वैद्यानें पित्त ओळखावयास काढिलेला जो अर्क, त्याचा थेंब टाकिला. पित्त असतें तर गाळ हिरवा व्हावा, तो न जाहला. "रंग नाहीं," ऐसें पंतांनीं लिहून दिलें, आणि महाराजांनीं संतोषून त्यांचे खांद्यावर शालजोडी घातली, आणि नगारे वाजों लागले.

परंतु पंत मोठे चौकस. बाटली भरून आणणारा हुजऱ्या कृष्णाजी, त्यास त्यांनीं गांठून विचारिलें, "सकाळीं बाटली कैसी दिसत होती रे?"

"काढ्यासारखी काळपट, पंत."

"आणि आतां फिकी! वाटेंत काय जाहलें?"

"काय होणार? मानपान जाहला."

"उन्हांत?"

"मग मानपान काय सावलींत करितात?"

हें ऐकतांच पंतांनीं ताडिलें. रंग उन्हानें खाल्ला, आणि आपल्या चिठ्ठीनें महाराज उद्यां मरणाचे वाटेस लागणार! मग ते तैसेच धांवत राजमंदिरीं गेले आणि बोलिले, "महाराज, आणीक एक बाटली द्यावी, परंतु तिचा मान करूं नये." मानकरी खवळले. महाराज बोलिले, "आमची वस्तु चोरासारखी नेणार?" पंत बोलिले, "चोरासारखीच, महाराज. उजेड दिसला कीं आंतला रंग पळतो." महाराजांस मौज वाटली आणि त्यांनीं तेथेंच बाटली भरून दिली. मग पंतांनीं बक्षिसाची शालजोडी खांद्यावरून काढिली, आणि बाटलीस गुंडाळिली, आणि ती काखेंत मारून मागील दारानें निघाले, आणि महाराजही मागोमाग पायीं गेले. मग तेंच पाणी, तोच गाळ, तोच कागद. अर्काचा थेंब पडला मात्र, आणि गाळ पोपटाचे पंखासारखा हिरवा जाहला. महाराज बहुत वेळ वांकून पाहात राहिले. "हें आमचें?" "आपलेंच, महाराज. मघांची चिठ्ठी माझी चुकली." तेव्हां महाराजांनीं नगारे थांबविले, आणि दोन मास निजून राहिले, आणि डोळे निवळले.

येणेंप्रमाणें पित्तरंगाची हकीकत, ऐकिली तैसी लिहिली. मानकऱ्यांचा मान मात्र बुडाला नाहीं. अद्यापि त्या राज्यांत राजमूत्र तपासणें जाहलें म्हणजे रिकामी बाटली हत्तीवरून वाजतगाजत जाते, आणि भरलेली शालजोडींत गुंडाळून मागील दारानें जाते.