पूल ओलांडला की तोर्तेल्लिनी

त्या रविवारी एर्मेते जेवायला बसला, गळ्याशी रुमाल खोचला, चमचा उचलला आणि पाहतो तर समोरची ताटली रिकामी. शेगडीवर सुपाचं पातेलं रटरटत होतं, पण आदल्या दिवशी बसून, कणकेच्या पातळ चकत्यांत सारण भरून बोटावर एकेक वळलेल्या तोर्तेल्लिनी अजून पीठ भुरभुरलेल्या फडक्यावर आरामात पडून होत्या.

"इयोलांदा, हे काय?"

"काय म्हणजे? तू कधी आलास?"

"आत्ता! गाडी लावली, हात धुतले, बसलो."

"मग तुझा आवाज कसा नाही आला?"

"आवाज नाही आला? अगं, पुलापासून इथपर्यंत लोकांनी खिडक्या उघडून पाहिलं!"

इयोलांदाने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि मान वळवली. "असेल. पण तो तुझा नव्हता. वाटेल त्या गाडीसाठी मी तोर्तेल्लिनी टाकत नसते."

ही दोघं नेहमीच अशी वरच्या पट्टीत बोलत. नव्या माणसाला वाटे भांडण पेटलंय; गावाला सवय होती.

पण आज खरोखरच काहीतरी बिनसलं होतं. एर्मेते रविवारी सकाळी गाडी काढायचा, खाली पानारो नदीकाठच्या बारमध्ये कॉफी प्यायचा, दोन-चार जणांशी वाद घालायचा आणि जेवायला परत यायचा. गावाखालच्या पुलावर गाडी चढली की इयोलांदा तोर्तेल्लिनी सुपात सोडायची. पुलापासून घरापर्यंतची वळणं, अंगणात गाडी लावणं, हात धुणं, एवढ्यात त्या बरोबर शिजायच्या. तो टेकला की वाफाळती ताटली समोर. लग्न झाल्यापासून एकदाही कच्ची नाही, एकदाही गिचका नाही. बारमध्ये कुणी नातवाची बढाई मारी, कुणी द्राक्षाच्या मळ्याची, एर्मेते म्हणे, "माझी बायको घड्याळ बघत नाही. माझ्या गाडीकडे कान लावून बसते." यावर कुणाला काही बोलता येत नसे, कारण ते खरं होतं.

घोळ झाला होता तो सायलेन्सरमुळे.

एर्मेतेचा अख्खा जन्म खालच्या गावातल्या मोटारींच्या कारखान्यात, इंजिनं तपासण्याच्या खोलीत गेला होता. बंद खोलीत नवंकोरं इंजिन पूर्ण ताकदीने किंचाळायचं आणि हा त्याला कान लावून उभा. कानात कापूस घालणाऱ्यांना तो भित्रे म्हणायचा. कारखान्याने एक ठोकलेली, चंदेरी, दोन माणसांची गाडी भंगारात काढली तेव्हा त्याने ती आणली आणि दोन हिवाळे खपून उभी केली. तिचा सायलेन्सर नेव्हिओच्या बापाने हाताने वळवून, जोडून दिला होता. बारीक नळीचा, पोटाशी चेपलेला, पण पठ्ठ्याची करामत अशी की गाडी गावचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये, घुंऽऽ असा जाडसर सूर धरून, सावकाश चढायची. बापाच्या मागे त्याचं गॅरेज आता नेव्हिओ चालवत होता.

यंदा वसंतात एर्मेतेच्या मनाने घेतलं की गाडीचा आवाज बसला. आधी वाटलं प्लग खराब असतील. मग वाटलं सायलेन्सर आतून चोंदला. तो गाडी घेऊन नेव्हिओकडे गेला.

"हिचा गळा बसलाय. श्वास कोंडतोय हिचा."

नेव्हिओने इंजिन चालू करून ऐकलं. "काही बसला नाही. माझ्या बापाच्या वेळी होती तशीच बोलतेय. तूच कान साफ करून घे."

"माझे कान? इंजिनातली एक झडप वेडीवाकडी झाली तर मी शेजारच्या खोलीतून सांगायचो! तू नवा सायलेन्सर बसव. मोठा. मोकळ्या नळीचा."

"मोठी नळी बसवलीस तर वर पळेल, पण खालचा पिकअप जाईल. चढावर रडेल गाडी. हे तुला मी सांगायचं?"

एर्मेतेला हे नेव्हिओपेक्षा चांगलं ठाऊक होतं. नळी बारीक असली की धूर त्यातून जोरात निघतो आणि इंजिनाला सावकाश चालतानाही ओढ राहते. नळी रुंद केली की सगळी ताकद इंजिनाच्या वेगवान फेऱ्यांत जाऊन बसते. पण माणूस एकदा हट्टाला पेटला की ठाऊक असलेलं काय कामाचं? त्याने नवा सायलेन्सर बसवून घेतला आणि जुन्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तो टाक भंगारात."

आता गाडी चढावर तिसऱ्यात काय, दुसऱ्यातही ओढेना. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाला बोंब मारायला लावत वर यावं लागे, आणि उतारावर पाय काढला की मागून फाट्‌फाट् बार निघत. एर्मेते मात्र खूश होता. त्याला गाडी पुन्हा ऐकू येत होती.

पण रिकाम्या ताटलीने त्या खुशीवर विरजण घातलं. "नवा आवाज आहे, सवय होईल तिला," असं म्हणत त्याने पुढच्या रविवारची तजवीज केली. जुन्या बसचा भोंगा मिळवून गाडीला लावला. पुलावर आला आणि भोंगा दाबून धरला. चर्चमध्ये प्रार्थना चालू होती. पाद्रीबाबा थबकले, कबुतरं उडाली, मागच्या बाकावरच्या शिकाऱ्यांनी भोंग्यामागोमागच्या बारांवरून बंदुकीची जात ओळखायला सुरुवात केली. गावातली एकूण एक खिडकी उघडली. एकच उघडली नाही.

घरी आला तर तोर्तेल्लिनी फडक्यावर.

"भोंगा वाजवला मी!" एर्मेते ओरडला.

"मग?" इयोलांदा म्हणाली. "भोंगा वाजवला म्हणून धावत यायला मी काय बसची वाट बघत होते?"

तोर्तेल्लिनी शिजेपर्यंत एर्मेते रिकाम्या ताटलीत चमचा फिरवत राहिला. गाडी ऐकू न येणं एक वेळ ठीक, पण भोंगासुद्धा? हे ऐकू न येणं नव्हतं, हे न ऐकणं होतं. त्याला आठवलं, लग्नाआधी त्याच्याकडे मोटारसायकल होती. पुलावर तो तीनदा इंजिन घुमवायचा आणि तिचा बाप दुपारचा झोपलेला असताना ती खिडकीत यायची. लग्नानंतर तिने याच स्वयंपाकघरात स्वेटर विणायचं यंत्र टाकलं. दिवसभर खडाखडा चाले, कुणी दार ठोठावलं तरी कळत नसे, पण पुलावर त्याची गाडी आली की यंत्र थांबायचं. तीच बाई आता त्याच्याकडे कान द्यायला तयार नव्हती. या वयात बायकोचं लक्ष उडालं तर माणसाने कुणाकडे तक्रार करावी?

तिसऱ्या रविवारी तो बारमधून लवकरच निघाला. अंगणात शिरला तर तिथे आधीच एक गाडी उभी. हुबेहूब त्याच्या गाडीसारखी, फक्त निळी. खोऱ्यात तसली दुसरी गाडी एकच होती, ओत्तोरिनोची. ओत्तोरिनो म्हणजे गावचा माजी औषधवाला, विधुर, आणि एकेकाळी नाचाच्या रात्री इयोलांदाचा हात मागणाऱ्यांत एर्मेतेच्या अगदी एक पाऊल मागे राहिलेला माणूस.

तो एर्मेतेच्या खुर्चीत बसला होता. गळ्याशी रुमाल. समोर वाफाळती ताटली.

"ये ये, एर्मेते," ओत्तोरिनो तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "काय शिजल्यात रे! अगदी जिथल्या तिथे."

"हे इथे काय करतंय?" एर्मेतेने बायकोला विचारलं.

इयोलांदा लाल झाली होती. "मला वाटलं तूच आलास. टाकल्या मी. दारात जाऊन बघते तर हा वर निघालेला. बोलावलं आत. मग काय फेकून देऊ? तोर्तेल्लिनी कुणासाठी थांबत नाहीत."

"याच्या गाडीला टाकल्यास? आणि माझ्या भोंग्याला नाही?"

"याची गाडी तुझ्यासारखी आली," इयोलांदा म्हणाली आणि पातेल्याकडे वळली.

ओत्तोरिनोने शेवटचा चमचा चाटूनपुसून खाल्ला. "नेव्हिओकडे एक जुना सायलेन्सर पडलेला होता," तो म्हणाला. "बसवून बघितला. काय सांगू, माझी म्हातारी चढ तिसऱ्यात चढायला लागली."

एर्मेतेने त्या दिवशी सूपसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओत्तोरिनोच्या दारात हजर. "माझा सायलेन्सर दे."

"तुझा? तो भंगारात होता."

"मी टाकलेल्या भंगारात होता. त्याच्या बदल्यात माझा नवा घे. वर भोंगा घे."

"भोंगा नको. पाद्रीबाबा माझ्याशी अजून बोलतात." ओत्तोरिनोने हनुवटी खाजवली. "रविवारी मी बारमध्ये काय खातो माहीत आहे तुला? परवाचा पाव. तू मला जेवायला बोलव."

"एकदा."

"दर रविवारी."

"महिन्यातून एकदा. आणि माझ्या खुर्चीत बसायचं नाही."

"कबूल."

"थांब, अजून एक," एर्मेते म्हणाला. रात्रभर एकच विचार त्याचं काळीज कुरतडत होता. इयोलांदा खरंच त्याची वाट बघते की सवयीने तोर्तेल्लिनी टाकते, हे त्याला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. "या रविवारी माझी गाडी तू आणायचीस. पुलावरून तिसऱ्यात, सावकाश. मी घरात लपून बघणार आहे."

"बायकोची परीक्षा घेणार? या वयात?" ओत्तोरिनो म्हणाला. "नापास तूच होशील."

रविवारी एर्मेते जुना सायलेन्सर परत बसवलेली गाडी घेऊन नेहमीसारखा निघाला, ती पुलापलीकडे ओत्तोरिनोच्या हवाली केली आणि परसातून चोरासारखा घराच्या कोठीत शिरला. वाळत टांगलेल्या मांसाच्या सलामींच्या मधून स्वयंपाकघर छान दिसत होतं. बाजूच्या झरोक्यातून अंगण.

इयोलांदा शेगडीजवळ स्टुलावर बसली होती. खिडकीकडे पाठ. खिडकीकडे पाठ करून कुणी वाट बघतं का? तिची नजर समोरच्या काचेच्या कपाटावर खिळली होती. त्यात त्यांच्या लग्नातले कॉफीचे कप मांडलेले होते, बशांवर चमचे ठेवून. ती त्यांच्याकडे अशी बघत होती की जणू आता ते बोलणार आहेत.

एर्मेतेने कान टवकारले. पूल शांत. ओत्तोरिनो बारमध्ये गप्पा हाणत बसला असणार, मेला. पुन्हा कान दिले. काहीच नाही.

आणि कपाटातले चमचे थरथरले. आधी जरासे, मग कपही. इयोलांदा ताडकन उठली. चेहरा असा उजळला की एर्मेतेला क्षणभर मोटारसायकलवरची जुनी दुपार आठवली. तिने फडक्याचं टोक उचललं आणि तोर्तेल्लिनी अलगद सुपात सोडल्या.

"गाडी आल्याशिवाय टाकल्या!" एर्मेते मनात म्हणाला. पुलापासून गाडी वर यायला लागेल एवढा वेळ तो कान लावून राहिला, तरी काही नाही, आणि मग त्याचं लक्ष झरोक्याबाहेर गेलं. अंगणात त्याची चंदेरी गाडी उभी होती. इंजिन चालू होतं. मागची नळी थरथरत होती, धूर निघत होता, आणि ओत्तोरिनो गाडीतून उतरत होता. हे सगळं त्याच्यापासून हाताच्या अंतरावर चाललं होतं आणि त्याला काडीइतकं ऐकू आलं नव्हतं.

तो कोठीच्या दारात आला. "इयोलांदा," तो तिच्या पाठीमागून म्हणाला. ती सूप ढवळत राहिली. "इयोलांदा!" त्याने जरा मोठ्याने हाक मारली. तिने मीठ घातलं, चव घेतली, मान डोलावली.

एर्मेते तसाच उभा राहिला. त्याचे कान त्या बंद खोलीतल्या इंजिनांनी खाल्ले होते, तिचे त्या विणायच्या यंत्राने. तिने ते त्याच्यापासून लपवलं होतं, त्याने स्वतःपासून. त्याला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही आवरता आवरता तो सलामीला धडकला. तिचे कान गेले होते, पण वाट बघणं गेलं नव्हतं. तिने त्यासाठी दुसरी जागा शोधून ठेवली होती: जुन्या सायलेन्सरच्या जाडसर सुराने थरथरणारे ते चमचे. आणि या गाढवाने सायलेन्सर बदलून तीच बंद केली होती.

तो आल्या वाटेने परसातून बाहेर पडला, घराला वळसा घालून पुढच्या दाराने आत आला, हात धुतले आणि आपल्या खुर्चीत बसला. ताटली आली. वाफाळती. एकही कच्ची नाही.

"आज आलास बरोबर," इयोलांदा म्हणाली. "ऐकलं मी."

"मला माहीत होतं तू ऐकशील," एर्मेते म्हणाला.

एवढ्यात कबूल केलेली ताटली वसूल करायला ओत्तोरिनो आत आला. दारातच त्याने तोंड वाकडं केलं. "अरे, तुमचं हे कपाट किती खुळखुळतंय! डोकं उठेल माणसाचं." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याने टेबलावरचा एक रुमाल उचलला, त्याची छान चौपदरी घडी केली, कपाटाचं दार उघडलं आणि कपांखाली घालायला हात पुढे केला.

"नको!"

दोघं एकदमच ओरडली. ओत्तोरिनो रुमालासकट मागे सरला.

इयोलांदाने नवऱ्याकडे पाहिलं. एर्मेतेने ताटलीत पाहिलं. मग वर पाहिलं. कपाटातले चमचे थरथरत होते.

"एर्मेते," शेवटी इयोलांदा कपांवरची नजर न काढता म्हणाली, "गाडी चालूच राहिलीय. ऐकू येत नाही का तुला?"

"येतंय की," एर्मेते म्हणाला, आणि तोही कपांकडे बघत राहिला.